सीडीवरून संगणक सुरू होतो तेव्हा : ओपनबीएसडीची बूटेबल सीडी स्वतः बनवूया



एक प्रश्न विचारतो. एखाद्या कार्यप्रणालीच्या सगळ्या फाइली सीडीवर कॉपी केल्या आणि ती सीडी ड्राइव्हमध्ये घालून संगणक चालू केला, तर संगणक त्या सीडीवरून सुरू होईल का? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक हात 'हो'साठी वर जातात. उत्तर 'नाही' असे आहे. फाइली सगळ्या असतील, एकही कमी नसेल, तरीही संगणक ती सीडी ओलांडून पुढे जाईल. असे का होते हे समजले की बूटेबल सीडी बनवणे अवघड राहत नाही. हा पाठ त्यासाठीच आहे.

आधी हे सांगायला हवे की आजच्या काळात सीडी कशाला? पेन ड्राइव्ह आहेत, नव्या लॅपटॉपला तर सीडी ड्राइव्हच नसतो. खरे आहे. पण घराघरांत, दुकानांत, शाळांत आणि मंडळांच्या कार्यालयांत अजून असे संगणक पडून आहेत ज्यांचा प्रोसेसर ३२ बिटचा आहे आणि ज्यांचे बायोस पेन ड्राइव्हवरून सुरू होणे जाणतच नाही. सीडी मात्र ते जाणते. अशा यंत्रांसाठी नव्या प्रणाली एकामागून एक बंद होत गेल्या. उबुंटूने २०१७ मध्ये ३२ बिटची डेस्कटॉप सीडी देणे थांबवले, फेडोराने २०१९ मध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनची १३ वी आवृत्ती आली, तिच्यात ३२ बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर उरला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चाही नेहमीचा आधार संपला. मग ही यंत्रे भंगारात द्यायची का? त्याआधी एक उपाय करून पाहण्यासारखा आहे. युनिक्सच्या घराण्यातली ओपनबीएसडी ही प्रणाली ३२ बिट पीसीसाठी अजूनही निघते, फुकट मिळते, आणि तिचा इन्स्टॉलर लहान व साधा आहे. म्हणून उदाहरणाला तीच घेतली आहे.

ओपनबीएसडी १९९५ मध्ये नेटबीएसडी या प्रणालीतून वेगळी झाली. कॅनडातील कॅलगरी शहरात राहणारे थिओ द राड्ट यांनी ती सुरू केली. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण वर्षभर दुरुस्त्या मिळतात. म्हणून नेहमी ताजी आवृत्तीच घ्यावी. या प्रकल्पाचा खर्च अनेक वर्षे सीडी विकून चालत असे. प्रणालीच्या फाइली सर्वांना मोफत होत्या, पण विक्रीच्या सीडीची मांडणी मात्र थिओ यांच्या कॉपीराइटखाली होती, तिची जशीच्या तशी नक्कल करून वाटता येत नसे. त्यामुळे ज्यांना सीडी हवी ते फाइली उतरवून घेऊन स्वतःची सीडी स्वतः बनवत. पुढे प्रकल्पानेच तयार आयएसओ फाइल द्यायला सुरुवात केली, आणि २०१६ ची ६.० ही सीडीवर विकली गेलेली शेवटची आवृत्ती ठरली. म्हणजे आज तयार आयएसओ मिळते. तरीही स्वतः बनवायला शिकावे असे मला वाटते. एक तर आतली रचना कळते. दुसरे, आपल्या शाळेच्या गरजेच्या वस्तू तिच्यात घालता येतात, त्याविषयी पुढे येईलच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू.

संगणकाचे बटण दाबले की पहिल्यांदा जागे होते ते बायोस. ते मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते आणि फार शहाणे नसते. फोल्डर म्हणजे काय, फाइलचे नाव काय, हे त्याला कळत नाही. ठरलेल्या जागी जायचे, तिथे काय लिहिले आहे ते वाचायचे आणि लिहिलेल्या पत्त्यावर उडी मारायची, इतकेच त्याला येते. तेव्हा 'सीडीवर काय आहे' याला बायोसच्या लेखी अर्थ नाही. 'कुठे आहे' यालाच आहे.

सीडीवरची जागा २०४८ बाइटच्या सेक्टरांत वाटलेली असते. मोजणी शून्यापासून होते. आयएसओ ९६६० या मानकाप्रमाणे पहिले १६ सेक्टर, म्हणजे ० ते १५, मोकळे ठेवलेले असतात. सोळाव्या सेक्टरवर सीडीची ओळखपाटी असते : नाव, आकार, मूळ फोल्डर कुठे आहे, वगैरे. साधी सीडी इथून पुढे फाइलींकडे जाते. बूटेबल सीडीत सतराव्या सेक्टरवर आणखी एक पाटी असते आणि तिच्यावर 'एल टोरिटो स्पेसिफिकेशन' असे शब्द इंग्रजीत लिहिलेले असतात. बायोस शोधते ती हीच पाटी. फाइली कॉपी करून बनवलेल्या सीडीत ही पाटी नसते. म्हणूनच संगणक तिला ओलांडून पुढे जातो.

हे नाव गमतीचे आहे. एल टोरिटो हे अमेरिकेतल्या एका मेक्सिकन उपाहारगृहाचे नाव. फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांच्या अभियंत्यांना ही कल्पना कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन येथील एल टोरिटोमध्ये सुचली, म्हणून जानेवारी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकाला तेच नाव दिले. संगणकवाल्यांना अशी नावे ठेवण्याची हौसच असते. सीडीवर युनिक्सची लांब नावे आणि फाइलींचे हक्क टिकवणाऱ्या पद्धतीचे नाव रॉक रिज आहे, ते एका विनोदी चित्रपटातल्या गावाचे नाव आहे.

सतराव्या सेक्टरवरच्या पाटीवर प्रणाली नसते, फक्त एक पत्ता असतो. तो पत्ता बूट कॅटलॉगचा. आपल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन पुस्तक मागितले तर ग्रंथपाल थेट कपाटाकडे धावत नाहीत. आधी सूची पाहतात, सूचीत कपाटाचा क्रमांक असतो, मग कपाट. इथेही तसेच. बूट कॅटलॉगमध्ये एक नोंद असते : ही सीडी बूटेबल आहे, सुरुवातीचा कार्यक्रम अमुक सेक्टरवर आहे, आणि त्याचा इतका भाग स्मृतीत उचलायचा आहे. बायोस तो भाग उचलते, त्याच्या हाती कारभार देते आणि बाजूला होते.

त्या नोंदीत आणखी एक खूण असते ती महत्त्वाची. सुरुवातीच्या काळात सीडीवर फ्लॉपीची एक प्रतिमा ठेवत आणि बायोस सोंग घेत असे की सीडी नाही, फ्लॉपीच घातली आहे. ती फ्लॉपी १.२, १.४४ किंवा २.८८ एमबीचीच असावी लागे. प्रणाली वाढत गेल्या तशी ही जागा अपुरी पडू लागली. दुसरी पद्धत सोंगाशिवायची, तिला 'नो इम्युलेशन' म्हणतात. आज ओपनबीएसडी हीच वापरते. आज्ञा देताना हे सांगायला विसरलात तर आयएसओ बनवणारा कार्यक्रम फ्लॉपी समजून चालतो, तुमची फाइल फ्लॉपीच्या मापाची नाही म्हणून तक्रार करतो आणि थांबतो.

ओपनबीएसडीत पुढची साखळी अशी आहे. बायोस उचलते ती फाइल 'सीडीबीआर'. ती फक्त २०४८ बाइटची, म्हणजे बरोबर एका सेक्टरची आहे. तिला एकच काम येते : 'सीडीबूट' नावाची फाइल शोधणे. पण ती सगळी सीडी धुंडाळत नाही, ठरलेल्या फोल्डरांतच पाहते. सीडीबूट सापडली की ती मूळ फोल्डरातल्या 'ईटीसी' फोल्डरातली 'बूट.कॉन्फ' वाचते. त्यात कोणते कर्नल उचलायचे ते एका ओळीत लिहिलेले असते. इन्स्टॉलेशनसाठी ते कर्नल म्हणजे 'बीएसडी.आरडी'. याच्या पोटातच एक छोटी डिस्क असते, ती स्मृतीत उलगडते आणि इन्स्टॉलर सुरू होतो. पाच पायऱ्या झाल्या, आणि प्रत्येक पायरीला पुढच्या पायरीचा फक्त पत्ता माहीत आहे.

आता प्रत्यक्ष काम. यासाठी ज्याला सीडी रायटर आहे असा दुसरा चालू संगणक लागेल. त्यावर लिनक्स किंवा कोणतीही बीएसडी असली तर उत्तम. खाली आज्ञांचा अर्थ दिला आहे. त्यांचे इंग्रजी अक्षरांतले नेमके लेखन संगणक कक्षातल्या फलकावर लावले आहे, तिथून उतरवून घ्यावे, कारण एका अक्षराचीही चूक चालत नाही.

उदाहरणाला एप्रिल २०२५ ची ७.७ आवृत्ती धरू. तुम्ही कराल तेव्हा जी ताजी असेल तिचा आकडा घाला. प्रथम एक रिकामे फोल्डर करा. त्यात '७.७' नावाचे फोल्डर आणि त्याच्या आत 'आय३८६' नावाचे फोल्डर. ओपनबीएसडीच्या कोणत्याही मिरर साइटवरून ३२ बिट पीसीच्या फाइली या आतल्या फोल्डरात उतरवा : सीडीबीआर, सीडीबूट, बीएसडी, बीएसडी.आरडी आणि नावात ७७ असलेले संच. बेस हा संच हवाच. मॅन म्हणजे माहितीची पाने, ती जरूर घ्या, शिकणाऱ्याला त्यांच्यासारखा सोबती नाही. कॉम्प मध्ये सी भाषेचा कंपायलर आहे. एक्स ने सुरू होणारे चार संच चित्रमय पडद्यासाठी लागतात. गेम संच मी सांगितला नाही तरी तुम्ही घेणारच.

फोल्डरांची नावे बदलू नका. 'आय३८६' च्या जागी 'शाळा' किंवा 'नवी प्रणाली' लिहिलेत तर सीडीबीआरला सीडीबूट सापडणार नाही, कारण वर पाहिल्याप्रमाणे ती ठरलेल्या जागीच पाहते.

फाइली नीट उतरल्या का हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. मिररवर 'शा२५६' आणि 'शा२५६.सिग' अशा दोन फाइली असतात. पहिलीत प्रत्येक फाइलीचा ६४ अक्षरी ठसा असतो. तुमच्याकडच्या फाइलीचा ठसा काढून तो जुळवा. एक बिट जरी बदलला तरी सगळा ठसा बदलतो. दुसऱ्या फाइलीवर प्रकल्पाची सही असते. ही सहीची फाइलसुद्धा संचांच्या शेजारी ठेवा, म्हणजे इन्स्टॉलर प्रत्येक संच स्वतः पडताळून घेईल. तयार मिळणाऱ्या आयएसओत ही फाइल नसते, म्हणून तिथे इन्स्टॉलर 'पडताळणी न करता पुढे जाऊ का' असे विचारतो. आपली सीडी या बाबतीत तयार सीडीपेक्षा बरी!

आता आपल्या गरजेच्या वस्तू. 'साइट७७' या नावाचा संच तुम्ही स्वतः बांधून त्याच फोल्डरात ठेवला तर इन्स्टॉलर तो सगळ्यांत शेवटी उलगडतो. कक्षातल्या यंत्रांच्या सेटिंग, प्रिंटरची माहिती, देवनागरीचे युनिकोड फॉन्ट हे सगळे त्यात घालता येते. दहा यंत्रांवर तेच ते दहा वेळा करण्याचे श्रम वाचतात. मात्र हा संच घरचा असल्याने त्यावर प्रकल्पाची सही नसते. तेवढ्यापुरते इन्स्टॉलरला 'येस' असे उत्तर द्यावे लागते.

मग बाहेरच्या फोल्डरात 'ईटीसी' हे फोल्डर करून त्यात बूट.कॉन्फ ठेवा. त्यात एकच ओळ : उचलायची प्रतिमा म्हणून बीएसडी.आरडीचा पूर्ण पत्ता.

आयएसओ बनवण्याचे काम 'मेकआयसोएफएस' करते. काही लिनक्सांत त्याच्या जागी 'जेनआयसोइमेज' किंवा 'झोरिसो' असते, आज्ञेची घडण बरीचशी तीच. आज्ञेत पाच गोष्टी सांगायच्या आहेत. रॉक रिज वापर. इम्युलेशन नको. बूटची फाइल सीडीबीआर आहे. कॅटलॉगला अमुक नाव दे. आणि तयार आयएसओ या नावाने लिही. शेवटी फोल्डराचे नाव. यात दोन ठिकाणी मुले अडतात. सीडीबीआरचा पत्ता त्या फोल्डराच्या आतून द्यायचा असतो, तुमच्या हार्ड डिस्कच्या मुळापासून नव्हे. आणि बूट कॅटलॉगची फाइल आधी शोधत बसायची नसते. ती मेकआयसोएफएस स्वतः तयार करते, तुम्ही फक्त नाव द्यायचे.

आकार पाहून घ्या. ८० मिनिटांच्या सीडीत सेकंदाला ७५ सेक्टर या हिशेबाने ३,६०,००० सेक्टर असतात. प्रत्येकी २०४८ बाइट, म्हणजे ७३,७२,८०,००० बाइट. सीडीवर आपण '७०० एमबी' वाचतो ते हेच. जुन्या ७४ मिनिटांच्या सीडीत ३,३३,००० सेक्टर. आयएसओ यापेक्षा मोठी झाली तर एखादा संच कमी करा.

सीडी जाळण्याआधी आयएसओ 'क्यूइम्यू' मध्ये चालवून पाहा. हा कार्यक्रम संगणकाच्या आत एक खोटा संगणक उभा करतो आणि त्याच्या खोट्या ड्राइव्हमध्ये तुमची आयएसओ घालतो. साखळीत कुठे चूक असेल तर इथेच दिसते आणि कोरी सीडी वाया जात नाही.

जाळताना 'इमेज लिहा' हाच पर्याय निवडा. विंडोज ७ पासून पुढच्या विंडोजमध्ये आयएसओवर उजवी टिचकी दिली की तो मिळतो. आयएसओ ही फाइल म्हणून सीडीवर टाकली तर सतराव्या सेक्टरवरची पाटी सतराव्या सेक्टरवर राहत नाही, ती त्या फाइलीच्या पोटात कुठेतरी जाते आणि बायोसला दिसत नाही. ओळखायला सोपे आहे : सीडी उघडल्यावर आत एकच आयएसओ फाइल दिसली तर काम चुकले, आणि फोल्डर दिसले तर बरोबर. सीडी-आर वापरा. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू अनेक जुन्या ड्राइव्हना वाचता येत नाही. वेगही कमी ठेवा.

आता थांबा. सीडी जुन्या यंत्रात घालण्याआधी त्या यंत्रात काय आहे ते पाहा. ही सूचना मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो. आपल्याकडच्या जुन्या संगणकांत मंडळाच्या सभासदांच्या याद्या, गणेशोत्सवाचे हिशेब, आजोबांनी टंकलेले लेख असतात, आणि दुसरी प्रत कुठेही नसते. शिवाय त्या काळातला मराठी मजकूर बहुधा युनिकोडमध्ये नाही. श्री-लिपी, शिवाजी, किरण अशा फॉन्टांत तो टंकलेला असतो. या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवली होती. फाइल वाचवली आणि फॉन्ट गेला, तर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोळा दिसतो. तेव्हा फाइलींबरोबर विंडोजच्या फॉन्ट फोल्डराचीही प्रत घ्या, दोन ठिकाणी घ्या, आणि दुसऱ्या संगणकावर उघडून वाचून पाहा. ज्यांचे यंत्र आहे त्यांना विचारल्याशिवाय तर सीडी घालूच नका.

इतकी काळजी कशासाठी? इन्स्टॉलर प्रत्येक प्रश्नाचे सुचवलेले उत्तर चौकटी कंसात दाखवतो आणि नुसते एंटर दाबले की ते मान्य करतो. डिस्कविषयीच्या प्रश्नाला नव्या यंत्रावर सुचवलेले उत्तर 'होल', म्हणजे सगळी डिस्क, असे असते. आधीच्या दहा प्रश्नांना एंटर, एंटर करत आलेले बोट इथेही एंटर दाबते आणि आजोबांचे लेख जातात. या प्रश्नाशी हात किबोर्डवरून काढून घ्यावा.

यंत्र चालू करून बायोसमध्ये सीडी ड्राइव्हला पहिला क्रमांक द्या. बहुतेक यंत्रांत डिलीट किंवा एफ२ हे बटण असते. साखळी पडद्यावर दिसते. 'सीडी-रॉम' असा शब्द, मग सीडीबूटचा पत्ता मोठ्या इंग्रजी अक्षरांत, मग 'बूट' असे लिहिलेली सूचनेची ओळ, मग निळ्या पार्श्वभूमीवर कर्नलचा मजकूर, आणि शेवटी प्रश्न : इन्स्टॉल, अपग्रेड, ऑटोइन्स्टॉल की शेल?

काम अडले तर कुठे अडले ते पाहा, कारण त्यातच उत्तर असते. 'सीडी-रॉम' हा शब्दही आला नाही, तर बायोसला सतराव्या सेक्टरवरची पाटी मिळाली नाही : क्रम चुकला, सीडी वाचली जात नाही किंवा आयएसओ फाइल म्हणून जाळली गेली. तो शब्द आला पण सीडीबूट सापडली नाही, तर फोल्डरांची नावे तपासा. सूचनेची ओळ आली आणि कर्नल मिळाले नाही, तर बूट.कॉन्फमधला पत्ता चुकला आहे. तिथेच बीएसडी.आरडीचा बरोबर पत्ता हाताने टंकून पुढे जाता येते, नवी सीडी लागत नाही. आणि अगदी शेवटी कर्नल पुन्हा जोडले जात असल्याचा संदेश येतो तेव्हा जुने यंत्र बराच वेळ गप्प बसते. ते अडकलेले नसते, बटण दाबून बंद करू नका.

हीच आयएसओ पेन ड्राइव्हवर लिहून चालणार नाही, हे जाता जाता सांगतो. डेबियनसारख्यांच्या आयएसओ दोन्हीकडे चालतील अशा मुद्दाम घडवलेल्या असतात, ओपनबीएसडी पेन ड्राइव्हसाठी वेगळी प्रतिमा देते.

स्वाध्याय

१. सतरावा सेक्टर आयएसओ फाइलीत कितव्या बाइटपासून सुरू होतो? (१७ ला २०४८ ने गुणा.) तयार केलेल्या आयएसओत हेक्सडंपने तिथे जा आणि एल टोरिटोचे नाव शोधा.

२. त्या सेक्टरच्या सुरुवातीपासून ७१ बाइट पुढे चार बाइटांत बूट कॅटलॉगचा सेक्टर लिहिलेला असतो. लहान बाइट आधी येतो हे लक्षात घेऊन तो आकडा काढा. मग त्या सेक्टरवर जाऊन सीडीबीआरचा पत्ता मिळतो का पाहा.

३. सीडीबीआरचे फोल्डर मुद्दाम बदलून आयएसओ बनवा आणि क्यूइम्यूमध्ये चालवा. पडद्यावर नेमके काय आले ते वहीत उतरवून आणा.